डाव्या पायाची सून

राजेश्री नवरी होऊन आमच्या पिंगळीच्या घरात आली तेव्हा उंबऱ्यावर गव्हाचं माप ठेवलं होतं. नवरीनं उजव्या पायानं ते हलकंच लवंडायचं आणि आत यायचं. हिनं डावा पाय उचलला. माप असं उडालं की देवघराच्या पायरीला जाऊन आपटलं, गहू पार चुलीपर्यंत पसरले. बायांनी तोंडाला पदर लावले. भावकीतली पार्वतीबाई म्हणाली, "अगं बया, डावा पाय! कस्तुराबाई, पुन्ना करून घे."

मी म्हणलं, "कशाला पुन्ना? गेलं का न्हाई सरळ? तुझ्या सुनेनं उजव्या पायानं लवंडलं होतं, ती कुठं हाय आता? पुण्यात. वायली ऱ्हाती."

पार्वतीबाईनं पदर सावरला आणि पंगतीत जाऊन बसली.

पोरगी पाथरीची. सोयरीक जुळतानाच तिच्या बापानं हात जोडून सांगितलं होतं, परभणीच्या कॉलेजात शिकती, फुटबॉल खेळती, तेवढं चालू राहू द्या. माझा पोरगा जीवन माझ्याकडं बघायला लागला. मालक गेल्यापासून ह्या घरात सगळे माझ्याकडंच बघतात. मी म्हणलं, खेळू द्या. शब्द दिला तो दिला. पुढं गावात लय बोलणं झालं. सून चड्डी घालून पळती, सासू पिशवी धरून बसती. जो बोलला त्याच्या दारात जाऊन त्याचं त्याला परत केलं. आणि सामना असला की खरंच पिशवी धरून बसायला लागले. मैदानाच्या कडेला लिंबाखाली माझी जागा ठरलेली. मी बरोबर असले की कोणाची जीभ हलत नाही.

तेव्हा पोरींना शिकवायला खान सर होते. म्हातारा माणूस, पण पोरी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ते राजेश्रीला गळ्यातल्या डोरल्यावर चिकटपट्टी लावायला सांगायचे, वरून जर्सी. रेफ्रीनं हटकलं तर म्हणायचे, "बेटी का सुहाग है साब, तुम उतारते क्या?" रेफ्री हसायचा आणि शिट्टी वाजवायचा. फॉरवर्डला राजेश्री, गोलात मनिषा, आणि डाव्या बाजूनं बॉल गेला की समोरच्या पोरींची नुसती पळापळ. खान सर मला म्हणायचे, "आपा, ये लडकी युनिवर्सिटी खेलेगी." विद्यापीठाच्या संघात गेलं की पुढं सगळ्या देशातल्या पोरींशी खेळायला मिळतं, असं राजेश्रीनं मला समजावून सांगितलं होतं. तिला दुसरं काही नको होतं. साडी मागितली नाही, माहेरी जायला मागितलं नाही. एवढं एक मागितलं.

खान सर रिटायर झाले आणि ह्या साली गव्हाणे सर आले. पुण्याकडचे. गळ्यात शिट्टी, डोळ्यावर काळा चष्मा, बोलणं एकदम शुद्ध. पहिल्याच दिवशी पोरींना रांगेत उभं करून म्हणाले, "मैदानात दागिना चालणार नाही. नियम म्हणजे नियम."

राजेश्री घरी आली आणि ताटावर नुसती बसून राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, नवे सर म्हणायलेत डोरलं काढ, न्हाईतर खेळू नको."

जीवन म्हणाला, "मंग नको खेळू."

"तुला कुणी इचारलं?" मी म्हणलं. "धडधाकट हायेस न्हवं? बायकोनं घटकाभर डोरलं काढलं तर लगीच मरतोस का काय?"

जीवननं भाकरी मोडली आणि खाली बघून खायला लागला.

बोलायला बोलले मी. पण सामन्याच्या दिवशी लिंबाखाली तिच्या मानेमागं हात घातला तेव्हा फासा दोनदा हातातून सुटला. माझं डोरलं बायांनी काढलं तेव्हा मी शुद्धीत नव्हते. हिचं मात्र मी डोळे उघडे ठेवून काढलं, माझ्या ह्या रांडव हातानं. माझ्या चंचीत, सुपारीच्या खांडांत ठेवलं आणि चंची कमरेला खोचली. सामना संपला की परत घालायचं, असं आमचं ठरलं.

गावात समजायचं ते समजलंच. पार्वतीबाई दारात आली. "कस्तुराबाई, चांगल्या सवाष्णीचा गळा मोकळा केलास म्हणं?"

"तुझा तर भरलेला हाय," मी म्हणलं, "मंग नवरा वसरीवर का झोपतो?"

आणि एवढं करून त्या गव्हाणे सरानं राजेश्रीला बाकड्यावर बसवलं. पहिल्या सामन्याला वाटलं, नवा माणूस आहे, पारखत असंल. दुसऱ्यालाही बाकडं. तिसऱ्यालाही. तिच्या जागी पंकजा खेळायची. पंकजा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष तात्याराव, त्यांची पुतणी. पोरगी वाईट नव्हती, पण बॉल तिच्यापाशी आला की पाहुणा आल्यागत थबकायची. आणि तिच्या गळ्यात सोन्याची साखळी. उन्हात लखलख करायची.

मी उठले. "सर, तुमचा नियम फकस्त काळ्या मन्यालाच हाय का?"

"काकू, ती बारीक आहे. दिसत नाही."

"मला मोतीबिंदू हाय, मला दिसली. तुमी चष्मा काढून बघा."

मागं मनिषा फसकन हसली. सरांनी शिट्टी तोंडात घातली.

बाकड्यावरसुद्धा राजेश्री बूट घट्ट बांधून बसायची. डावा पाय नुसता जमीन उकरायचा. येताना गाडीत मी डोरलं घालून द्यायचे. एकदा म्हणाली, "आत्याबाई, उगी काढायलो का आपण हे?" मी म्हणलं, "काढायचं. त्याला बोट ठेवायला जागा द्यायची न्हाई."

मग एक दिवस, सामन्याआधी पोरी मैदानाला चकरा मारत होत्या, मनिषा तेवढी पाय मुरगळला म्हणून माझ्यापाशी बसलेली. गव्हाणे सर लिंबाखाली आले. चांगले गोड होऊन आले. म्हणाले, "काकू, आता विद्यापीठाची निवड आहे. निवडलेल्या मुलींना कॅम्पला बाहेरगावी राहावं लागतं. राजेश्रीचं कसं? लग्न झालेली मुलगी. घरून पाठवाल का?"

माझ्या अंगाचा असा भडका झाला. सुनेचं डोरलं कमरेला खोचून बसलेल्या बाईला हा माणूस विचारतो, पाठवाल का? मी सुपारी थुंकले आणि म्हणलं, "छ्या! पाठवती की काय! ती गेल्यावर माझी भांडी कोन घासल? माझे पाय कोन चेपल? सून आनली ती काय बॉल खेळायला आनली व्हय?"

पिंगळीतलं शेंबडं पोर असतं तरी समजलं असतं की ही म्हातारी आपली लाज काढायलीय. मनिषा तर पोट धरून हसायली होती. सरही हसले. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, शरमला.

शेवटचा सामना नांदेडच्या पोरींशी. निवड करणारे साहेब लोक खुर्च्यांवर बसलेले. राजेश्री बाकड्यावर. अर्धा खेळ झाला असंल, रेफ्रीनं पंकजाला थांबवलं. साखळी काढून ये. तिच्या काकानं हौसेनं घेतलेली साखळी, तिचा फासा काही निघंना. एक पोरगी ओढती, दुसरी दातानं धरती. तेवढ्यात आमच्याकडं एक पोरगी कमी, आणि तिकडं नांदेडच्यांनी गोल घातला. सरांचा चेहरा पांढरा पडला. साहेब लोकांकडं एकदा बघितलं, बाकड्याकडं बघितलं.

"राजेश्री, चल! लवकर!"

तिचा गळा सकाळपासून मोकळाच होता.

मी खेळातलं फार समजत नाही. पण ती आत गेली तशी मैदानाचं तोंडच फिरलं. डाव्या बाजूनं निघाली, दोन पोरी अंगावर आल्या, तिनं त्यांना नुसतं वळून दाखवलं. मग तो पाय उचलला. मला उंबऱ्यावरचं माप आठवलं. बॉल जाळीत. पुन्हा मधून पळत गेली, पुन्हा जाळीत. पोरींनी तिला उचललं. ती त्यांच्या हातांवरूनच ओरडली, "आत्याबाई, दिसलं का?"

"मोतीबिंदू हाय, तरी दिसलं!" मी म्हणलं. चंची सोडली आणि तिथंच सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात डोरलं घातलं. त्या दिवशी फासा पहिल्या झटक्यात बसला.

निवड झाल्याचं मनिषानं फोनवर सांगितलं. ती स्टेशनातून बोलायली होती, कॅम्पला निघालेली. ती निवडली गेली. पंकजा निवडली गेली. राजेश्रीचं नाव नव्हतं. "असं कसं झालं गं?" मनिषा विचारायली, आणि राजेश्री फोन कानाला धरून तशीच उभी.

मी तिला घेतलं आणि परभणी गाठली. गव्हाणे सर मैदानात नव्या पोरींना पळवायले होते.

"सर, माझ्या सुनेत काय कमी पडलं?"

"काही नाही काकू. खेळ उत्तमच आहे. साहेबांनी तर आधी तिचंच नाव काढलं होतं." मग ते राजेश्रीकडं वळले. "पण घरची अडचण आहे, हे मला सांगावं लागलं. तुझ्या सासूबाईंनीच मला सांगितलं होतं. भांडी कोण घासेल, पाय कोण चेपेल, सून काही बॉल खेळायला आणलेली नाही. हो ना काकू? असंच म्हणालात ना?"

शब्द माझेच होते. एक इकडचा तिकडं नव्हता. त्यातला सूर तेवढा त्यानं काढून टाकला होता, काटा काढून मासा वाढावा तसा.

"अहो, तो टोमना होता! तुमाला मारलेला टोमना होता!"

"मला कसं कळणार, काकू? ग्रामीण भागात अशा अडचणी असतात. मी आपला तुमचा मान ठेवला."

"डोरलं काढा म्हणलात तवा कुठं गेल्ता मान? तवा घरची अडचन न्हाई दिसली? मी माझ्या हातानं काढलं, मूर्खा, माझ्या हातानं!"

पोरी पळायच्या थांबल्या. त्यानं शिट्टी वाजवली, त्या परत पळायला लागल्या. आता काही करता येणार नाही, संघ गेला, पुढच्या साली बघू, असं म्हणाला. पुढच्या साली राजेश्रीचं कॉलेज संपलेलं असणार. हे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. तिला तर होतंच. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला एक मनिषा, ती कॅम्पात, आणि तिथं पोरींचे फोन काढून घेतात.

गाडीत राजेश्री खिडकीकडं तोंड करून बसली. पिंगळी आली, उतरलो. गाडी निघून गेली तरी ती तिथंच उभी. मी म्हणलं, "राजेश्री, जग काय म्हनायचं ते म्हनू दे. तुला तर ठावं हाय का न्हाई, मी कशी बोलते ते?"

"ठावं हाय की, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी मनापासून तसं म्हनला नसाल."

नसाल.

म्हनला न्हाईत, असं नाही म्हणाली. नसाल म्हणाली.

सगळ्या गावाचं मी दारात जाऊन परत केलं. हा एक शब्द तेवढा पदरात घेऊन घरी आले.

जेवणं झाली. मी उठायच्या आत तिनं सगळी भांडी मोरीवर नेली, घासली, पालथी घातली. मग तेलाची वाटी घेऊन आली, माझ्या पायांशी बसली आणि खाली बघत विचारलं, "आत्याबाई, पाय चेपू का?"

ह्या घरात आल्यापासून तिनं कधी माझे पाय चेपले नव्हते. मी कधी सांगितलं नव्हतं.

मी पाय आखडून घेतले. ती वाटी धरून बसूनच राहिली.