शेवटचा प्रश्न

फोन अकराला येणार होता, म्हणून मी साडेदहालाच केस विंचरून बसले. फोनवर कोणाला दिसणार होते केस? पण बसले खरी.

ऑपरेशनला आज तिसरा दिवस. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पोटाला चार बारीक भोकं, आणि ठणकतोय मात्र उजवा खांदा. पोट फुगवायला भरलेला वायू वर चढतो, दोन दिवसांत जातो, हे अकरा वर्षं मीच लोकांना सांगत आले. घरी गेलेल्या पेशंटना दवाखान्यातून फोन करायचा, हे माझं काम. ताप आहे का, टाके ओले दिसतात का, जेवण जातं का, चालता का. शेवटी, सोबत कोण आहे. कोणीच नाही म्हणाले, तर घरी नर्स पाठवायची सोय असते.

मला ती नर्स हवी होती. काल बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तासभर मी फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिले. हाक मारायला कोणी नव्हतं, फार भीती वाटली. दवाखान्यातून निघताना ऐटीत सांगून आले होते, ताई येणार आहे म्हणून. ताईला तर ऑपरेशनचं कळवलंसुद्धा नव्हतं. तिचं झालं तेव्हा मी फिरकले नव्हते, आता कुठल्या तोंडानं बोलावणार? तेव्हा आज खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

बरोबर अकराला फोन वाजला. पलीकडे आमची चष्मेवाली. सध्या माझ्या टेबलावर तीच बसते, काम मीच शिकवलंय. ताप, टाके, जेवण, चालणं, सगळं ओळीनं विचारून झालं.

"सोबत आहे ना कोणीतरी?"

हे 'आहे ना' माझंच. सरळ 'कोण आहे' विचारलं की लोक गप्प होतात, कोणी रडायला लागतं, आणि पुढचे वीस फोन राहतात. 'आहे ना' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो आणि आपण मोकळे. हे मी तिला अगदी कानमंत्र दिल्यासारखं सांगितलं होतं. काय शहाणी समजत होते मी स्वतःला!

एक हर्नियाचे मास्तर आठवले. बोलता बोलता मध्येच आत आवाज दिला होता त्यांनी, अगं थांब जरा, दवाखान्याचा फोन आहे. आतून काही उत्तर आलं नव्हतं. मी त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

"मॅडम, ऐकताय ना?"

'नाही गं कोणी' एवढंच म्हणायचं होतं. पण जिला मी काम शिकवलं, तिच्यापुढे जीभ काही रेटेना.

"आहे ना. ताई आहे," मी म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "ताई, गॅस बारीक कर गं."

चष्मेवाली बरं म्हणाली, काळजी घ्या म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

लोकांना शिकवते तशी मी उशी पोटाशी घट्ट धरली आणि उठले. भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले. घरी आल्यापासून शेगडी पेटलीच नव्हती. तरी गॅस बंद आहे ना, ते मी बटण चाचपून बघितलं.