मोकळ्या बाकांची हजेरी

मी कॅटलॉग बोलतोय, हजेरीचा. पलूसजवळच्या एका कॉलेजातला. बीए भाग तीन, विषय इतिहास. माझ्यात बारा नावं आहेत. बारा भरली तर विषय चालतो, अकरा झाली की बंद.

मला रोज उघडतात त्या संयोगिता मॅडम तासिकेवर आहेत, तास घेतला तरच पैसे. विषय बंद झाला की त्या घरी. लेकीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून चार वर्षांची ऋचा वर्गातच, पहिल्या बाकावर, रंगीत खडू घेऊन बसते.

जूनमध्ये पाच-सहा जण तरी यायचे. मग शिवतेज चाकणला कंपनीत लागला, दोघींची लग्नं ठरली, लालासाहेब भरतीच्या अकॅडमीत गेला. उरली सृष्टी. ती एकटीच बाराही जणांची हजेरी द्यायची, कधी जाड आवाजात, कधी किनऱ्या: "यस मॅडम!" मॅडम हसून खूण करायच्या. दिवाळीनंतर तिलाही वडिलांनी साताऱ्याला नर्सिंगला घातलं. "इतिहासाला नोकरी कोण देतंय?"

दुसऱ्या दिवशी शिपाई नाथाजीमामा दारात थबकले. "आवं मॅडम, बाकांची हजेरी घेताय व्हय?"

"नावं पुकारल्याशिवाय तास धरत नाहीत, मामा."

"मग पुकारा. पर वर बघू नगा."

"रोल नंबर सात."

"यस मॅडम."

मागच्या बाकावरून. सृष्टीचाच आवाज. माझी पानं शहारली. मॅडमनी वर पाहिलं नाही. खूण केली.

आठवड्याभरात बाराही जण ओ द्यायला लागले. "झोप पुरत नाही माझी, दुसरं काय," मॅडम पुटपुटायच्या. "पण इतकी शिस्तीची बॅच कधी मिळाली नव्हती हं."

काल ऋचानं विचारलं, "आई, सगळ्यांची नावं घेतेस, माझंच का नाही?"

मॅडमनी मला पुढ्यात ओढलं आणि लाडानं तेरावा नंबर लिहिला.

शाई वाळायच्या आत पान मिटून घ्यावं म्हणून मी धडपडलो. माझ्यात नावं राहतात अन् मुलं जातात, हे त्यांना सांगू कसं?

आज ऋचा पहिल्या बाकावर नाही. खडू तिथंच पडलेत. ती मागच्या बाकावर बसलीय, अगदी टोकाला, अंग चोरून. भरलेल्या बाकावर बसतात तशी.

"रोल नंबर तेरा," मॅडम मान खाली घालूनच म्हणतात.

मॅडम, विषय जातोय तर जाऊ द्या. मला मिटा. आणि एकदा, एकदाच, वर बघा.