फळीवर उरलेली वीट

मित्रांनो, मी चांदीची एक वीट आहे. राहायला डब्लिनच्या एका तळघरात, जिथे सकाळही पांढऱ्या दिव्यांची आणि संध्याकाळही. लहानपणी मला वाटायचं, आपलं पैंजण होईल, निदान अत्तरदाणी तरी. पण मला साच्यात ओतलं, अंगावर नंबर ठोकला आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद केलं. झालं माझं बारसं.

मला आणि माझ्या बहिणींना पद्माकरांनी पेन्शनच्या पैशांतून विकत घेतलं. ते जवळच्या लिक्सलिप गावी चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. पेन्शनच्या खात्यातली चांदी घरी नेता येत नाही, तळघरात ठेवून दरवर्षी भाडं भरावं लागतं. सगळ्यांच्या ढिगात ठेवली तर भाडं कमी, पण मग शेवटी हातात येईल ती कुठलीही वीट. वेगळी फळी घेतली तर आपलीच वीट परत मिळते, पण भाडं जवळजवळ दुप्पट. त्यातून सोनं मुठीत मावतं, तेवढ्याच किमतीच्या चांदीला मात्र फळीभर जागा लागते. म्हणजे आम्ही स्वस्त, आणि आमचं राहणं महाग!

पद्माकरांनी वेगळी फळी घेतली. "आपली लक्ष्मी लोकांच्या ढिगात कशाला?" म्हणाले.

एका लक्ष्मीपूजनाला ते बायकोला, देवयानीबाईंना, आम्हाला दाखवायला घेऊन आले.

"अहो, ताटवाट्या घेतल्या असत्यात तर जेवलो तरी असतो त्यांत," बाई म्हणाल्या.

"रिटायर झालो की जेवू. तेव्हा डोनेगलचा समुद्रही बघू."

"तुमचं सगळं तेव्हाच!"

रखवालदाराची पाठ वळली तशी बाईंनी पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली, नखाने माझं वेष्टन फाडलं आणि मला हळदकुंकू लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माणसाचं बोट लागलं. मी अगदी सुखावले.

"अहो बाई, हे काय केलंत?" रखवालदार धावत आला. मला पुसून म्हणाला, "असू दे, ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे 'ठीक आहे'. पण वेष्टन फाटलं की वीट अस्सल आहे यावर ढिगवाल्यांचा भरवसा राहत नाही. आता मला ढिगात जायचं तर आधी वितळावं लागणार.

पुढे पद्माकरांच्या छातीत दुखू लागलं. "ही सुट्टी संपू दे, मग दाखवतो डॉक्टरांना," ते म्हणत राहिले. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ते गेले.

परवा देवयानीबाई लेकीला, अक्षयाला, घेऊन आल्या. अक्षया तिथेच लॅपटॉपवर भाडी ताडून बघत होती. बहिणी ढिगात गेल्या की भाडं निम्म्यावर येत होतं. मी एकटी फळीवर राहिले तर मात्र किमान भाडं लागणार होतं, आणि काही वर्षांत ते माझी किंमतच खाऊन टाकणार होतं.

"मॅम, इट्स ओन्ली सिल्व्हर," अक्षया आईला तिच्या आयरिश हेलात हळूच म्हणाली.

"माहितीये गं. पण यांच्यासमोर मी हिची पूजा केली होती."

बाईंनी हातमोजा काढला आणि तळवा माझ्यावर ठेवला. हात थंडगार होता. "म्हातारपणासाठी घेतलं होतं तुला यांनी," त्या म्हणाल्या. "म्हातारपणच आलं नाही गं त्यांना."

मग त्यांनी सही केली. बहिणी ढिगात गेल्या. मला येत्या सोमवारी भट्टीत नेतील.

मित्रांनो, मला वितळायचं दुःख नाही, चांदीला त्याची सवय असते. दुःख एवढंच, की माझ्या निगराणीला कुलूप होतं, कॅमेरे होते, पहारेकरी होते, आणि ज्यांनी मला जपलं त्यांच्या छातीवर कुणी कान ठेवला नाही. तुमचे बाबा "नंतर बघू" म्हणाले, तर ऐकू नका. त्यांचा हात धरा आणि आधी डॉक्टरांकडे न्या. तिथून थेट समुद्रावर.