टँडलरची उडी

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर खाली अक्रोडाचं लाकूड दिसेल. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. फिरणं हाच माझा धर्म. प्रदक्षिणा घालणाऱ्याला जसं कुठे पोहोचायचं नसतं, तसंच माझं. तबकडी अंगावर घ्यायची, जागच्या जागी फिरत राहायचं आणि सुईने सांगितलेलं लोकांच्या कानावर घालायचं.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा एका बाईने सुई धरणारी माझी दांडी करंगळीने अलगद उचलली आणि तशीच अलगद खाली ठेवली. तोल बरोबर आहे की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं. पण तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा तो हात होता. पुढे पुष्कळ हात लागले, तसा हात क्वचितच लागला.

आगगाडीने मी कॅरिबू बे या गावी आलो. ते लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या उत्तर काठावर आहे, कागद गिरणीच्या भोंग्यावर उठणारं आणि झोपणारं. तिथे हेल्मीचं दुकान होतं. ती एका बाजूला मासेमारीचे गळ विकी आणि दुसऱ्या बाजूला गाण्याच्या तबकड्या. शेगडीवर कॉफी सदा गरम असे. गिरणीची पाळी सुटली की माणसं हात धुऊन येत, स्टुलावर टेकत आणि म्हणत, "हेल्मीकाकू, टँडलर लाव!"

रॉइस टँडलर म्हणजे त्या काळचा मोठा नावाजलेला गिटारवाला. त्याच्या एका गाण्यात मध्येच बाकीची वाद्यं मागे सरत आणि त्याची एकट्याची गिटार बोलू लागे. त्याला सोलो म्हणतात. रेडिओवाले गाणं लांबतं म्हणून नेमका सोलोच कापत. त्यामुळे गावाला तो ऐकायचा तर माझ्याकडे यावं लागे. ज्यांना घरी हवा असे, त्यांना हेल्मी माझ्यावरूनच कॅसेट भरून देई.

खरं सांगू? गाणं कोणी पहिल्यापासून ऐकतच नसे. जो तो दांडी उचलून सुई थेट सोलोवर टेकवायचा. कोणाच्या बोटाला ग्रीस, कोणाच्या बोटाला तिथल्या पर्शियन नावाच्या गोड पावावरची गुलाबी साखर. काळ्याभोर तबकडीवर तेवढ्या जागी करडा पट्टा पडला होता, पायवाटेवरचं गवत जावं तसा. त्या सोलोत एका ठिकाणी माझ्या सुईला दर वेळी हिसका बसे. मला वाटे, टँडलरचा हातच तेवढा जोरकस असेल.

त्या हिसक्यावरूनच सगळा वाद होता.

आर्वो माकी गिरणीत कागदाचे रोल गुंडाळी आणि गावच्या बँडमध्ये गिटार वाजवी. त्याने हा सोलो माझ्यासमोर बसून, सुई पुन्हा पुन्हा मागे नेत, बोटांत उतरवला होता. माणूस नेमाने जप करतो तसा तो रोज यायचा. "ऐकलंस?" तो मांडीवर थाप मारून म्हणे. "सूर वर चढतो, चढतो, आणि धाडकन खाली उडी! वीज आहे वीज. जगात कोणाला जमायची नाही."

"उडी कसली? ठेच लागली त्याला," डेल्फीन म्हणे. डेल्फीन रॉबिशो त्याच बँडची ड्रमवाली. तिचा ताल असा पक्का, की गिरणीच्या यंत्राने तिच्याकडे शिकवणी लावावी. "तालात चुकलेल्या माणसाला तुम्ही डोक्यावर घेतलंय. दर वेळी तिथे मात्रा मला गिळाव्या लागतात. उगीच उदोउदो!"

"तुला नुसते टोले मोजता येतात, बाई."

"आणि तुला तेही येत नाहीत!"

मला मोठी उत्सुकता वाटे. टँडलर खरंच एवढा मोठा, की लोकांनी मोठा केलेला? रोज त्याचा आवाज माझ्यातूनच जाई, पण मला काही उमगत नसे. देव्हाऱ्यातल्या समईला तरी पोथीतलं कुठे कळतं?

थट्टेत चाललेला हा वाद आर्वोच्या मुलीच्या, किर्स्टीच्या, लग्नापाशी येऊन विस्तवासारखा झाला. किर्स्टीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातांवर घेणारी धर्ममाता डेल्फीनच. त्यामुळे शनिवारच्या नाचाला वडिलांची गिटार आणि मावशीचा ड्रम, एवढंच पोरीचं मागणं होतं. आर्वो म्हणाला, "टँडलरचा सोलो वाजवणार, आणि जसाच्या तसा." डेल्फीन म्हणाली, "पोरीच्या लग्नात मी सगळ्या गावासमोर अडखळणार नाही. तो सोलो असेल तर मी नाही." दोघांचं बोलणं बंद झालं. कॉफीलासुद्धा वेगवेगळ्या वेळी येऊ लागली.

गुरुवारी दुपारी डेल्फीनने नाचासाठी घेतलेल्या सभागृहाची किल्ली आणून हेल्मीच्या गल्ल्याजवळ ठेवली. "ही आर्वोला दे. शनिवारी मी येईन, पण पाहुणी म्हणून."

आर्वो तेव्हा गळांच्या कपाटाआड उभा होता. तो तसाच म्हणाला, "पाहुणी कशाला? येऊच नकोस."

हेल्मीच्या हातातलं कॉफीचं भांडं थबकलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि किर्स्टी आत आली. काखेत टँडलरच्या त्याच गाण्याची कोरी तबकडी होती, अजून कागदाच्या वेष्टनातली. तिने किल्ली पाहिली, दोघांचे चेहरे पाहिले आणि काय ते ओळखलं.

"बाबा, तुमच्यासाठी थंडर बे शहरातून आणली. इथली जुनी फार करकरते."

"तिला काय धाड भरलीय?"

"काही नाही. पण आज ही ऐकू या. डेल्फीनमावशी, तूपण बस. आवडलं नाही तर खुशाल जा. मी अडवणार नाही."

आर्वोचा हात सवयीने सोलोकडे वळला. किर्स्टीने तो धरला. "असं नाही. पहिल्यापासून."

तिने मऊ फडक्याने माझ्या सुईवरचा धुळीचा कण टिपला, करंगळीने दांडी उचलली आणि पहिल्या खाचेवर ठेवली. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईची मला आठवण झाली.

गाणं सुरू झालं. हळू होतं, घरची आठवण काढणारं. किती वर्षांत मी ही सुरुवात ऐकली नव्हती! डेल्फीन हो-नाही करत कपावर चमच्याने ताल धरू लागली. आर्वोची बोटं मांडीवर चालू लागली. मग सोलो आला. सूर चढला, आणखी चढला. डेल्फीनने खांदे आवळले. आता ती ठेच येणार. मीही अंग चोरून घेतलं.

हिसका बसलाच नाही.

वर चढलेला सूर वरच राहिला. एकच सूर, लांब, थरथरता, वाऱ्यात हात आडोशाला धरलेल्या ज्योतीसारखा. आर्वोची बोटं उडी मारून केव्हाच खाली पोहोचली होती. ती तिथेच थांबली. डेल्फीनचा चमचा मात्र चुकला नाही. पुरा ताल भरला, आणि मगच तो सूर पायरी पायरीने उतरला.

हेल्मीने जुनी तबकडी उजेडात धरली. करड्या पट्ट्याच्या मधोमध एक आडवा ओरखडा होता. तबकडी नवी असतानाच कोणाच्या तरी घाईत निसटलेल्या सुईचा. तिथे पोहोचली की सुई एक खाच ओलांडून पुढे जात होती. तो लांब सूर आमच्या गावात कधी पोहोचलाच नव्हता.

"म्हणजे... तो उडी मारतच नाही?" आर्वो पुटपुटला. "आणि मी जन्मभर ओरखडा वाजवला?"

"आणि मी ओरखड्याशी भांडले," डेल्फीन म्हणाली. तिला हसू फुटलं, पण डोळे भरून आले होते. "आर्वो, त्याने तालात एक मात्रासुद्धा सोडली नाही रे."

"मग मान्य कर की थोर आहे!"

"थोर वगैरे काही नाही. बरा वाजवतो. थांबणं जमतं त्याला, तुला नाही जमत."

"शनिवारपर्यंत शिकतो."

"बघू." तिने किल्ली उचलून खिशात टाकली.

शनिवारी मी सभागृहात टेबलावर होतो. बँडच्या विश्रांतीत वाजायला मला नेलं होतं. आर्वोने तो सूर धरला आणि गंमत झाली. ओरखड्याच्या कॅसेट ऐकत वाढलेल्या साऱ्या गावाने नाचताना जुन्या जागी पाऊल टाकलं आणि सगळे एकदम अडखळले. नवरदेव तर पाहुण्यांवर जाऊन आदळला. उभं राहिलं ते फक्त दोघांचं वाजणं. सूर संपेपर्यंत किर्स्टी डोळे मिटून उभी होती.

पुढे हेल्मीचं दुकान मिटलं. कॅसेट गेल्या, नवी यंत्रं आली आणि मी किर्स्टीच्या घराच्या तळघरात पडून राहिलो. मला फिरवणारा आतला रबरी पट्टा सैल झालाय, पण सुई शाबूत आहे. टँडलर मोठा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डेल्फीन आणि आर्वो वरच्या खोलीत अजून त्यावरच भांडतात. ते ऐकलं की बरं वाटतं.

तुम्हाला ठरवायचं असेल तर या. एकच विनंती. कोणाला डोक्यावर घ्यायचं असो की खाली पाडायचं असो, आधी सुईवरची धूळ टिपा, हात हलका ठेवा आणि पहिल्या खाचेपासून ऐका.