वहीतला चौथा रकाना

एकतीस वर्षं मी बॅगा दुरुस्त करतोय. चेन अडकलेल्या, पट्टे तुटलेल्या, चाकं निखळलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्यासुद्धा. एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला माझं दुकान कळलं कुठून? ज्याची बॅग फाटते तो येतो. त्यात विचारायचं काय, कप्पाळ! म्हणून आमच्या धाकटीने ती निळी वही माझ्या काउंटरवर ठेवली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. एका कंपनीत ती लोकांच्या साबणांची आणि चपलांची सोशल मीडियावर जाहिरात करायची. चांगली नोकरी होती, गारेगार ऑफिस होतं. एक दिवस ते सगळं सोडून घरी आली आणि म्हणाली, "दुसऱ्यांची नावं मोठी करून झाली. आता आपलं करते."

थोरल्याला हे पटलं नाही. तो एका गोदामाचा मॅनेजर आहे, त्याला प्रत्येक गोष्ट मोजूनमापून लागते. दुकान त्याच्या आणि माझ्या नावावर आहे, आणि पुढचा अर्धा भाग मिळावा म्हणून शेजारचा औषधवाला दोन वर्षं आमच्या मागे लागला होता. थोरला म्हणाला, "सहा महिने घे. तुझ्या व्हिडिओंमुळे गिऱ्हाईक आलं तर उत्तम. नाही आलं, तर पुढची बाजू औषधवाल्याला देऊ. बाबा मागच्या खोलीत काम करतील आणि तू परत नोकरी बघायचीस." पोरगी एका शब्दात कबूल झाली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल.

ती माझे व्हिडिओ काढायला लागली. माझे म्हणजे माझ्या हातांचे.

"हातच का? तोंडाला काय झालंय?" मी विचारलं.

आतून बायको ओरडली, "अहो, गिऱ्हाईक यायला हवंय, पळायला नकोय!"

पहिल्याच व्हिडिओत तिने माझ्याकडून अडकलेल्या चेनवर मेणबत्ती घासून घेतली आणि चेन कशी सरसर चालते ते दाखवलं. मी वैतागलो. "अगं, हे सगळं लोकांना घरबसल्या कळलं तर माझ्याकडे कोण कशाला कडमडेल?"

"येतील," ती म्हणाली. एवढंच.

दोन महिन्यांनी थोरल्याने तिच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "नऊशे चाळीस फॉलोअर? त्या चौकातल्या नव्या बॅगवाल्याचे तीस हजार आहेत."

"त्या तीस हजारांतले किती जण हातात बॅग घेऊन त्याच्या दुकानात शिरले?" भिंगरी म्हणाली. "असले आकडे फुगवता येतात, दादा. मी तेच करून आलेय. मला दारातून आत कोण आलं ते मोजायचंय."

आणि ही मोजायची वही, पहिल्या व्हिडिओपाठोपाठच काउंटरवर आलेली. तिच्यात चार रकाने होते. जुनं गिऱ्हाईक, कोणीतरी सांगितलं, जाता-येता पाटी दिसली, आणि शेवटचा, व्हिडिओ पाहिला. ती स्वतः मागच्या खोलीत दिवे लावून बसायची, काउंटर माझं. म्हणून वहीही माझ्या गळ्यात. "बाबा, नवी पावती फाडली की एकच प्रश्न विचारायचा आणि एक खूण करायची. बाकी काही नको."

मी "हो हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एक नर्सबाई खांद्याची पिशवी घेऊन आल्या. मी पावती लिहिली, वही उघडली, तोंड उघडलं, पण जीभच रेटेना. इथे एकतीस वर्षं पाठ मोडून बसलोय, आणि मीच विचारायचं, की मी तुम्हाला माहीत कसा? केली पहिल्या रकान्यात खूण. जुनं गिऱ्हाईक. पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. दिसायला बरं म्हणून मधूनच एखादी पाटीच्या रकान्यात टाकायचो. पुढे पुढे तर संध्याकाळी दुकान आवरताना दिवसभराच्या खुणा एका दमात उरकायला लागलो. मनात हिशेब असा, की जुनी माणसं एवढी धरून आहेत हे दिसलं की थोरला आपोआप गप्प बसेल.

खोटं कशाला बोलू, काही जण स्वतःहून सांगायचे. "काका, ते मेणबत्तीचं पाहिलं हं!" असं कोणी म्हणालं की मी शिलाई मशीन सुरू करायचो.

सहा महिने झाले त्या रविवारी सकाळी थोरला दुकानात आला. स्टुलावर बसून त्याने वही पान पान करून मोजली. तीनशे सव्वीस खुणा. पहिल्या रकान्यात तीनशे नऊ. चौथ्यात एकही नाही.

त्याने वही मिटली. भांडायला आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो हळू आवाजात म्हणाला, "भिंगरे, तू जीव तोडून काम केलंस, मी पाहिलंय. गिऱ्हाईक वाढलंय, पण ते शाळा सुरू झाल्या म्हणून. तुझ्यामुळे एकही माणूस आलेला नाही. औषधवाल्याला उद्या कळवतो."

तिने वही घेतली. पानं उलटली, पुन्हा उलटली. मी वाट बघत होतो, आता ही उसळणार, बाबांनी विचारलंच नसेल म्हणून माझ्यावर घसरणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "बाबांनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार. बाबा हातचं काम कधी खोटं करत नाहीत."

आणि ती आत जाऊन दिव्याचा स्टँड मोडून ठेवायला लागली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको दारात उभी होती. माझं तोंड तिला चांगलं वाचता येतं. ती माझ्यावरची नजर हटवेना.

"मी विचारलंच नाही," मी म्हणालो.

"काय?" थोरला म्हणाला.

"एकालाही विचारलं नाही. बसल्या बसल्या खुणा ओढल्या सगळ्या."

थोरल्याने कपाळावर हात मारला. भिंगरी स्टँड हातात धरूनच बाहेर आली. डोळे भरले होते आणि नाक लालभडक झालं होतं, लहानपणी व्हायचं तसंच. "सहा महिने, बाबा? का पण?"

"लाज वाटली म्हणून!" मी ओरडलो. चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला. "तुझ्या दोन मिनिटांच्या व्हिडिओने लोक यायला लागले असं निघालं असतं, तर माझी एकतीस वर्षं कुठे जातात?"

"त्या व्हिडिओत हात कोणाचे होते?" ती म्हणाली.



आता एक गोष्ट मात्र मी कधी चुकवत नाही. प्रत्येक बॅगेची पावती, त्यावर फोन नंबर आणि काय बिघडलंय ते, आणि तिची अर्धी प्रत भिंतीवरच्या तारेला टोचलेली. ती तार मी खाली उतरवली. सहा महिन्यांच्या पावत्या काउंटरवर ओतल्या आणि म्हणालो, "सगळ्यांना फोन करतो. आता विचारतो."

"मी शेजारी बसणार," थोरला म्हणाला. "तुमच्या खुणांवर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही." आणि खरंच तीन दिवस रजा टाकून बसला. फोन स्पीकरवर, वही त्याच्या मांडीवर.

पहिला फोन नर्सबाईंना. "मी बॅगवाला बोलतोय. एक विचारायचं राहून गेलं. आमचं दुकान तुम्हाला कुठून कळलं?"

"अहो, तो मेणबत्तीचा व्हिडिओ! जो माणूस असलं फुकटात सांगून टाकतो, तो लुबाडणार नाही असं वाटलं. म्हणून बस बदलून आले."

थोरल्याने चौथ्या रकान्यात खूण केली. पुढची पावती माझ्यासमोर सरकवली.

एक शिक्षक तर माझ्यावरच उखडले. "मी तेव्हाच सांगत होतो तुम्हाला! तुम्ही माझ्या तोंडावर मशीन सुरू केलंत!" थोरला इतका हसला की त्याच्या हातून पेन पडलं. एक बाई म्हणाल्या, पहिल्यांदा व्हिडिओ पाहून आले, काम बघितल्यावर बहिणीलाही आणलं, मग आता आम्हा दोघींना कुठे लिहिणार? भिंगरीने आतून सांगितलं, "त्यांना चौथ्यात, बहिणीला दुसऱ्यात." म्हणजे बयो दाराला कान लावून बसली होती.

बुधवारी दुपारी संपलं. दोनशे एकाहत्तर जणांनी फोन उचलला. त्यांतले एकशे अठ्ठावन्न चौथ्या रकान्यात. आणि त्या एकशे अठ्ठावन्नांपैकी एकसष्ट जण दुसरी बॅग घेऊन पुन्हा येऊन गेले होते. थोरल्याने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. फॉलोअर तेव्हाही जेमतेम अकराशेच होते.

"तीस हजारवाल्याला जमेल का हे?" तो स्वतःशीच म्हणाला. मग उठला, शेजारी गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "सांगितलं त्याला. जागा रिकामी नाही म्हणून."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. भिंगरीने स्टँड पुन्हा उभा केला. आणि माझा ऊर असा भरून आला की सुईत दोरा ओवता येईना. माझी मुलगी आहे ती. नऊशे चाळीसच फॉलोअर म्हणून घरात हिणवली गेली, तरी एक आकडा तिने फुगवला नाही. वहीत शून्य दिसलं तेही तिने खरं मानलं, कारण ते माझ्या हातचं होतं. या पोरीचा अभिमान वाटायला मला सहा महिने लागले, याची लाज वाटते. पण आता वाटतो, आणि कोणाच्या बापाची भीती नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर एक तरुण सूटकेस घेऊन उभा. एक चाक गायब. मी पावती फाडली, निळी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"आमचं दुकान तुम्हाला कुठून कळलं?"

"तुमचा व्हिडिओ पाहिला," तो पुटपुटला.

आत दिवे लागलेले दिसत होते.

"जरा मोठ्याने सांगा," मी म्हणालो. "आत माझी मुलगी बसलीय."