भिंगरीला बोलायचं होतं

बाप्तिस्म्याच्या वेळी तिचं चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण सगळ्यांच्या तोंडी मात्र भिंगरीच. एका जागी दोन घटका बसेल तर शपथ. ती अंथरुणाला खिळली तेव्हा घर इतकं शांत झालं, की आईला शिलाई मशीनचा आवाजही नकोसा वाटायला लागला.

आई घरीच पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायची. वडील लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचे. मुलीला रक्ताचा आजार आहे हे कळल्यापासून दोघं आळीपाळीनं इस्पितळात बसत. डॉक्टर हातचं राखून बोलायचे.

काकूनं मात्र काही हातचं राखलं नाही. ही काकू नात्यानं कुणाचीच नव्हती, पण चर्चच्या अख्ख्या मंडळीची होती. कुणाच्या घरी दुखणं आलं की न बोलावता हजर. एकदा प्रार्थनेला बसली की उठायचं नाव नाही. भिंगरीचे वडील गमतीनं म्हणायचे, "हिचं आटोपेपर्यंत देवालासुद्धा जेवायला उठता येत नसेल." एका रविवारी उपासना संपल्यावर काकूनं आईचे दोन्ही हात धरले. "प्रभूनं मला स्पष्ट सांगितलंय, पोरी. आपली भिंगरी स्वतःच्या पायांनी चालत घरी येणार."

बुडत्याला काडीचा आधार. आईनं ते वाक्य घट्ट धरलं.

एका दुपारी इस्पितळात भिंगरी म्हणाली, "आई, मी गेले ना, तर..."

"गप्प! असलं अभद्र बोलायचं नाही. देवानं सांगितलंय, तू बरी होणार."

"तुला सांगितलं?"

"काकूला."

"मग तूपण एकदा विचार ना त्याला. काकूला कमी ऐकू येतं."

आईला हसू आलं आणि रडूही. पण तिनं विषय बदलला. पुढेही मुलगी तसलं काही बोलायला लागली, की आई मोठ्यानं गीत म्हणायला लागायची. हळूहळू भिंगरीनं आईशी ते बोलणंच सोडलं.

भिंगरी घरी आली, पण पेटीतून.

माती दिल्यानंतरच्या आठवड्यात वडील एकदम म्हणाले, "माझ्याशी बोलायची ती. सगळं बोलायची. वर म्हणायची, बाबा, आईला सांगू नका, ती घाबरते." आई ताटावरून उठून आत गेली. काय बोलायची, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.

तिची प्रार्थना बंद पडली. तिकडे काकूही उपासनेला येईनाशी झाली. लोक तिच्या नावानं कुजबुजत. ते कानावर आलं की आईला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची नाही.

चर्चचे पाळक भेटायला आले. आईनं त्यांना तोंडावरच विचारलं, "देव बोलतो म्हणता ना? मग मला का नाही ऐकू आला?"

"मुलगी का गेली, ते मला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले. "पण आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडी आपलंच वाक्य घातलं, एवढं मला दिसतंय. मीसुद्धा त्यात होतो. आता काही न मागता नुसतं बसून बघा. राग आला तर रागातच बसा."

ती बसायला लागली. सकाळी मशीनला दोरा ओवण्याआधी, हात मांडीवर ठेवून. काहीच ऐकू यायचं नाही. कधी भिंगरीचं खोकणं आठवायचं, कधी राहिलेली शिलाई. कितीतरी सकाळी अशाच गेल्या.

मग एका सकाळी मनात आलं, काकूकडे जा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मशीन धडाधडा चालवायला घेतली. पण भांडी घासताना ते पुन्हा आलं, कपडे वाळत घालतानाही आलं. त्यात धमकी नव्हती, घाई नव्हती. आपल्याच मनाचे खेळ म्हणावेत, तर तिचं मन काकूचं तोंडही बघायला तयार नव्हतं. तिला हवं असलेलं त्यात काहीच नव्हतं. म्हणूनच ती घाबरली. म्हणूनच शेवटी गेली.

काकूनं दार उघडलं. ती निम्मी झाली होती. खोलीत सगळे पडदे ओढलेले.

"शिव्या द्यायला आलीस ना? दे."

"त्यासाठीच यायचं होतं," आई म्हणाली. "पण पाठवलंय दुसऱ्याच कशासाठी तरी. कशासाठी, ते मलाही कळत नाही."

काकू खाटेवर बसली. "मी खोटं नव्हते बोलले गं. मला खरंच ऐकू आलं होतं. आता वाटतं, माझाच जीव होता तो, तिच्यात अडकलेला. तोच बोलला, आणि मी त्याला प्रभू म्हटलं."

"तुमच्या त्या शब्दापायी मी तिला बोलू दिलं नाही, काकू."

काकूनं मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, "काय सांगायचं होतं तिला?"

"माहीत नाही. यांना माहीत आहे. मी विचारलंच नाही."

कुणी कुणाला माफ केलं नाही. निघताना काकूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आईनं तो फिरवू दिला.

घरी वडील ओट्यावर काच कापत होते. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"अहो, काय बोलायची ती?"

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "ऐकवेल तुला?"

"नाही ऐकवणार. तरी सांगा."

ते सांगायला लागले. तिला अंधाराची भीती वाटत होती. स्वर्गात पळायला जागा आहे का, असं विचारायची. शेवटी शेवटी म्हणाली होती, "बाबा, मी खूप दमलेय. पण मी मेले तर आईला वाटेल, मी देवाचं ऐकलं नाही."

आईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. वडील थांबले, तशी तिनं हातानंच खूण केली, पुढं बोला. ते बोलत राहिले, आणि तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.