मुंग्यांनी नेलेला केर

मी काडी बोलतेय. खरं तर काडीकिडा. पण मला बघून आधी सगळे काडीच म्हणतात.

माझा जन्म जंगलातला. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या सूनबाईंनी मला फांदीसकट उचललं आणि त्यांच्या खिडकीतल्या काचेच्या पेटीत ठेवलं. माझं काम एकच, हलायचं नाही. वारा आला तर पानाइतकं डुलायचं.

खिडकीखाली झाडाशी मुंग्यांचं वारूळ. त्याही रानातल्याच, पण त्यांच्याकडे नुसतं बघून मला धाप लागते. मी एकटी, त्यांचा गोतावळा मोजता येत नाही. समोरून दुसरी आली की मिशीला मिशी लावून ख्यालीखुशाली विचारतात, पण पाय थांबत नाहीत. दुसऱ्याच्या दारात डोकावू नये म्हणतात. पण बसल्या जागी मी दुसरं करणार काय?

मी अंडी वरूनच खाली टाकते. बीसारखी असतात, माथ्यावर पिवळट टोपी. सूनबाईंच्या सासूबाईंना पेटीत कचरा खपत नाही. रोज सकाळी लेंड्यांबरोबर अंडीही झाडून खिडकीबाहेर. सूनबाई मात्र भिंग लावून शोधायच्या आणि हिरमुसायच्या. ही अंडी देत नाही, हिच्यामागे कुणी उरणार नाही, म्हणायच्या. मला तोंड आहे, पण पानं खाण्यापुरतं.

एके सकाळी सासूबाई ब्रश हातात घेऊन खिडकीतच थबकल्या.

"अगं, मुंग्या आपला केर उचलून नेतायत. माझं झाडणं पसंत नाही वाटतं यांना."

सूनबाई बाहेर गेल्या, वाकून बघितलं आणि पायरीवर बसल्या.

"आई, केर नाही हा. अंडी आहेत."

मग त्यांनी सांगितलं. मुंग्या फक्त ती टोपी खातात. अंड्याला धक्का न लावता ते वारुळातच ठेवून देतात. तिथे ना ऊन, ना अंडं टोचून त्यात आपलं अंडं घालणारी गांधीलमाशी.

सासूबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"मी हिची लेकरं फेकत होते आणि या वेचत होत्या. त्यांना कळतं का गं, काय नेतोय ते?"

"नाही. त्यांना खाऊ दिसतो."

"न कळता एवढं करतात?"

सूनबाई उरलेली अंडी गोळा करायला निघाल्या, तर सासूबाईंनी हात धरला. "राहू दे. चांगल्या घरी चाललीयत."

आता माझा एक पाय गळालाय, पानही गोड लागत नाही. पोरं वारुळातून वर येतील तेव्हा मी नसेन. त्या झाडाखाली एखादी काडी चालताना दिसली तर दचकू नका. जरा बाजूला व्हा, तिला झाडावर चढू द्या.